देवराई आणि धोरण
मयूर विहारच्या पश्चिमेस यमुनेचा खादर आहे. लोकांच्या तोंडी ती आजही यमुनामैया आहे. पाणी मात्र वजीराबाद ते ओखला या अवघ्या 22 किलोमीटरांत राजधानीच्या सांडपाण्याने काळे होते. भक्ती उरली, संयम गेला. अशा वेळी मराठी माणसास देवराई आठवावी हे स्वाभाविकच होय. देवाच्या राईत कुऱ्हाड तर राहोच, वाळली काटकीही उचलावयाची नाही, असा कित्येक गावांचा दंडक होता.

पुढील पिढ्यांच्या गरजा न हिरावता विकास साधावा, हा विचार ब्रुंटलंड आयोगाने 1987 साली जगापुढे मांडला. तथापि 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेल्या 17 उद्दिष्टांत संस्कृतीस स्वतंत्र स्थान लाभले नाही. अकराव्यात वारसाजतनाचे एक पोटकलम तेवढे आले. मेक्सिकोतील 2022 च्या परिषदेने स्वतंत्र उद्दिष्टाची मागणी केली. ती रास्तच, परंतु संस्कृती म्हणजे केवळ महोत्सव व स्मारके असे मानले, तर तीतून निष्पन्न काय होणार?

वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवराया धुंडाळल्या. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी येथील राई तोडीस निघाली, तेव्हा ग्रामस्थांनी त्यांच्याकडेच धाव घेतली. कारण गावच्या ओढ्याचे पाणी त्या राईवर अवलंबून होते. ती राई वाचली. अन्यत्र मात्र मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देवाचेच वृक्ष विकले गेले.