कायद्याची कुळकथा

मंडणगडाकडच्या वाड्यांवर गणपतीत भजन रंगात आलं की तबलजी लग्गी लावतो आणि टाळकऱ्यांना चेव चढतो. कायदा, म्हणजे ठरावीक बोलांवर बांधलेली तबल्याची रचना, तिथं सहसा वाजत नाही. तो बैठकीतला जिन्नस, आणि त्याचं कूळ निघतं दिल्लीत. अठराव्या शतकातल्या सिद्धारखाँ ढाढींना परंपरा दिल्ली घराण्याचे मूळपुरुष मानते. पखवाजाच्या खुल्या, दणकट बोलांपेक्षा वेगळं, चाटेवरचं, म्हणजे तबल्याच्या कडेवरचं, दोन बोटांचं नाजूक वादन ही या घराण्याची खूण. कायदा वाढला तो याच अंगणात.

'धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना' हा नवशिक्याच्या हाती बहुधा पहिल्यांदा पडणारा कायदा. पुढचे सगळे पलटे एवढ्याच अक्षरांच्या उलटापालटीतून काढायचे. परका बोल घुसला की जाणकारांच्या कपाळाला आठी पडते. शेवटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा.

यात भावना कुठली, असं विचारणाऱ्यांनी बेथोवनच्या पियानोकडं जावं. १८०६ साली त्यानं सी मायनरमध्ये रचलेल्या ३२ व्हेरिएशन्सचा मूळ विषय जेमतेम आठ बारचा. वृत्ती करारी, काळवंडलेली. १२ ते १६ या पाच आवृत्त्या मेजरमध्ये जातात, जरा ऊन पडतं, आणि सतराव्या आवृत्तीला पुन्हा मळभ. कायद्यात ही सावली 'खाली' आणते. आवर्तनाच्या दुसऱ्या अर्ध्यात डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमारा, गप्प होतो, 'धा'चा 'ता' होतो. थोड्याच मात्रांत डग्गा घुमत परततो आणि ऐकणारा नकळत मान डोलावतो. फरक एवढाच की बेथोवननं सगळं कागदावर बांधून ठेवलं. तबलजी पाठ असलेल्या पलट्यांच्या आधारानं समोर बसल्याबसल्या नवे काढतो, आणि मला तरी त्यातलं धाडस मोठं वाटतं.

कायद्याचं हे धन महाराष्ट्रात रुजलं त्याचं बरंचसं श्रेय मुंबईत राहिलेल्या मुनीरखाँना. त्यांचे शिष्य अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत वाजवत, त्यामुळं हा हात नाटकाच्या तिकिटावर सामान्य प्रेक्षकाच्याही कानी पडला. दुसरे शिष्य अमीरहुसेनखाँ यांनी मुंबईत पंढरीनाथ नागेशकर, अरविंद मुळगावकर असे शागीर्द घडवले. मुळगावकरांनी पुढं 'तबला' हा मराठी ग्रंथच लिहिला.

थिरकवांच्या एकल वादनाची ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. ऐकताना बोटांच्या वेगाकडं दुर्लक्ष करा आणि डग्गा कधी थांबतो तेवढं धरून ठेवा.