कानावरची खाच

टपरीच्या बाकाखाली झोपलेल्या कुत्रीने पावलांच्या आवाजाने कान टवकारला, आणि कानाच्या कडेला त्रिकोणी खाच दिसली. भांडणातली जखम इतकी नेटकी नसते. हिची नसबंदी झाली आहे आणि रेबीजची लस टोचली आहे, असं ती खाच सांगते.

'नसबंदी' हा शब्द माणसांच्या कुटुंबनियोजनातून आला. माणसाची फक्त नळी बंद करतात. कुत्र्याचे मात्र वृषण काढतात आणि कुत्रीचे बीजकोश, बहुधा गर्भाशयही. शेतकऱ्याचे शब्द जुने आहेत : बैल बडवणं, खच्ची करणं. बैल नांगराला वळावा म्हणून ते करायचं. भटक्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया मात्र त्यांचा जीव वाचावा म्हणून आली.

त्याआधी शहरांकडे एकच उपाय होता : मारणं. जून 1832 मध्ये मुंबईत पोलिसांनी कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. पुढे 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मोकाट जनावरांना आसरा देणारं पांजरपोळ उभारलं. तरी कुत्री मारणं थांबलं नाही. ते उपयोगाचंही नव्हतं, कारण उकिरडा तसाच राही आणि मोकळ्या जागेत नवी कुत्री येत. कुत्री दोन महिन्यांत विते. काठी तिला कुठवर पुरणार?

1964 मध्ये मद्रासच्या ब्लू क्रॉस या प्राणिमित्र संस्थेने दुसरी वाट सुचवली : पकडा, शस्त्रक्रिया करा, होतं तिथेच सोडा. तिला नाव दिलं 'अॅनिमल बर्थ कंट्रोल', म्हणजे एबीसी, मुळाक्षरांइतकं सोपं. मुंबई महापालिकेने 1994 मध्ये ती धरली. 2001 मध्ये देशभरासाठी नियम झाले, आणि शस्त्रक्रिया झालेलं कुत्रं ओळखता यावं म्हणून कानावर खूण करणं त्यांत आलं.

खूण कानावरच का? पट्टा तुटतो, गोंदण लांबून दिसत नाही, पोटावरचा टाका केसांत हरवतो. खाच रस्त्यापलीकडूनही दिसते. भूल उतरण्याआधीच ती कापतात, त्यामुळे त्या वेळी वेदना होत नाही. खाच नसेल, तर तीच कुत्री पुन्हा जाळ्यात सापडेल आणि तिचं पोट विनाकारण दुसऱ्यांदा उघडलं जाईल.

चिमूटभर कान गेला. त्या बदल्यात तिला तिची गल्ली परत मिळाली. असा कान दिसला, तर तिला तिथेच राहू द्या.