बुलढाण्याचा कौल

बुलढाणा म्हटले की आपल्याला सिंदखेडराजा, लोणार आणि शेगाव आठवतात. १९७७ ची लोकसभा निवडणूक मात्र सहसा कोणाला आठवत नाही. त्या वर्षी हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. आणीबाणीनंतरच्या काँग्रेसविरोधी लाटेत येथून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई निवडून आले. या गटाला देशभरात दोनच जागा मिळाल्या. दुसरी मध्य प्रदेशातील बालाघाटची.

या विजयाचे मोल समजण्यासाठी १९३२ च्या पुणे कराराकडे जावे लागते. राखीव जागेवर उमेदवार दलित असतो, मतदार मात्र सर्व समाजांचे. म्हणून केवळ स्वसमाजाच्या बळावर जिंकणे दुरापास्त. खुद्द बाबासाहेब १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात पराभूत झाले. बुलढाण्यात इतर समाजांनीही या छोट्या पक्षाला मत दिल्याखेरीज तो जिंकला नसता.

पण मन पालटले होते की केवळ वारे फिरले होते? १९८० साली येथे काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक आले, १९८४ साली त्यांचे पुत्र मुकुल वासनिक. पुढे भाजप व शिवसेनाही विजयी झाली. जागा राखीव राहिली, पक्ष मात्र मागे पडला. उलट १९९८ साली शेजारच्या अकोला व अमरावतीसह चार खुल्या जागांवर, काँग्रेसच्या साथीने, रिपब्लिकन नेते निवडून आले. २००९ पासून बुलढाणाही खुला झाला.

जून २०१५ मध्ये तुर्कस्तानात कुर्दांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्या पक्षाने १० टक्क्यांची अट ओलांडून सुमारे १३ टक्के मते मिळवली. त्यांत कुर्देतरांचाही वाटा होता. अल्पसंख्याकांचा पक्ष शेजाऱ्याच्या मतावरच उभा राहतो, हे तेथेही दिसले.

आम्हांस या इतिहासात आणखी एक सल जाणवतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे, ज्या नवबौद्धांच्या बळावर रिपब्लिकन पक्ष उभा होता, त्यांना १९७७ साली कायद्याने राखीव जागा लढवता येत नव्हती. त्यांना तो हक्क १९९० साली मिळाला. दलित ख्रिस्ती बांधव अजूनही त्याबाहेर आहेत. आपण संख्येने थोडे आहोत. शेजाऱ्याने आपला हक्क मानावा असे आपणांस वाटते. मग मतदानाच्या दिवशी आपण शेजाऱ्याचा हक्क मानतो काय, हे प्रथम स्वतःस विचारू या.