उघड्या हवेंतील शाळा

शाळा म्हणजे चार भिंती, बांक, फळा आणि दारें-खिडक्या लावून चाललेला अभ्यास, हें चित्र युरोपांत दीर्घकाल रूढ होतें. थंडीच्या भयानें खिडक्या बंद ठेवावयाच्या आणि दाटीनें बसलेल्या मुलांनीं एकमेकांचा उच्छ्वास पुन्हां पुन्हां आंत घ्यावयाचा, यांत कोणास वावगें वाटत नसे. या समजुतीस शास्त्रीय धक्का दिला तो म्यूनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनीं. बंद खोलींतील हवेंत कर्बाम्ल वायूचें प्रमाण हजार भागांत एका भागाहून अधिक झालें, तर ती हवा माणसांस योग्य नव्हे, असें त्यांनीं १८५८ सालीं प्रतिपादिलें. हा वायू इतक्या अल्प प्रमाणांत स्वतः विषारी नसतो. श्वासानें वापरलेली हवा खोलींत किती सांचली आहे, याचें तो केवळ माप होय.

पुढें १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचे जंतु शोधून काढले. रोगाचें कारण कळलें, परंतु औषध हातीं नव्हतें. तेव्हां अशक्त मुलांस वांचवावयाचें कसें? शिक्षण चालू ठेवावें तर प्रकृति ढासळते, आणि प्रकृति संभाळावी तर शिक्षण बुडतें, असा हा पेंच होता.

तो सोडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न बर्लिनजवळील शार्लोटेनबुर्ग येथें झाला. १९०४ च्या ऑगस्टांत तेथील देवदारवनांत ‘अरण्यशाळा’ उघडण्यांत आली. झाडांखालीं धडे, पोटभर अन्न, दूध आणि दुपारची विश्रांति, असा तेथील क्रम होता. अमेरिकेंत १९०८ च्या जानेवारींत, ऐन हिंवाळ्यांत, प्रॉव्हिडन्स शहरांत एलेन स्टोन व मेरी पॅकर्ड या दोन स्त्री-डॉक्टरांच्या पुरस्कारानें अशीच शाळा निघाली. वर्गाच्या एका भिंतीच्या जागीं मोठाल्या खिडक्या बसविल्या होत्या. मुलें उबदार पिशव्यांत शिरून, पायांशीं तापविलेले दगड घेऊन शिकत. अॅम्स्टरडॅम येथें वास्तुशिल्पी यान डाउकर यांनीं १९३० सालीं कांचेची शाळा बांधिली. तिच्या मजल्यांस उघडे सज्जे जोडून त्यांत वर्ग भरविण्याची सोय केली.

या शाळांतील मुलें सुधारलीं तें सारें केवळ हवेचें श्रेय, असें मात्र म्हणतां येत नाहीं. अन्न, विश्रांति व वैद्यकीय देखरेख यांचाही वांटा तेथें होताच.

१९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयावर औषध मिळालें. अरण्यशाळा हळूहळू ओस पडल्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तर इंधन वांचविण्यासाठीं पश्चिमेंतील इमारती अधिकच घट्ट बंद होऊं लागल्या. शेवटीं २०२० सालीं कोविडची सांथ आली, तेव्हां वर्गांच्या खिडक्या पुन्हां उघडल्या, आणि अनेक देशांनीं कर्बाम्ल वायु मोजणारीं यंत्रें वर्गांत बसविलीं. पेटेनकोफर यांचेंच तें माप दीडशें वर्षांहून अधिक काळानें मुलांच्या उपयोगीं पडलें. औषध सांपडलें म्हणून पथ्य सोडावयाचें नसतें, हा धडा शाळांच्या या इतिहासांत आहे. आणि उघडी खिडकी हें सर्वांत स्वस्त पथ्य होय.