ख्रिस्ती शाळांमधले शिक्षक कसे तयार होतात? (पालक आणि शिक्षक, दोघांसाठी माहिती)



ट्रुगानिना, टार्नीट, विंडहम व्हेल या आपल्या पट्ट्यात दोन मराठी कुटुंबं जेवायला एकत्र आली की तासाभरात विषय शाळेवर येतोच. सरकारी शाळेत घालायचं, की फी भरून ख्रिस्ती शाळेत? तिथे मुलांना काय शिकवतील? आणि स्वयंपाकघरात दुसरी एक चर्चा हळू आवाजात चालू असते. पुण्यात, नाशकात आठ-दहा वर्षं शिकवलेल्या, बी.एड. झालेल्या आपल्या ताई-वहिनी विचारत असतात, "आपण हिंदू, ख्रिस्ती शाळेत अर्ज करून उपयोग आहे का?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात : या शाळा आपले शिक्षक कसे घडवतात आणि नोकरीत असताना त्यांना काय शिकवत राहतात. आम्ही सगळे आयटीवाले, त्यामुळे मॅन्युअल वाचायची सवय आहे. ती इथे कामाला लावली.

आधी 'कॉन्व्हेंट' हा शब्द विसरा

आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी माध्यम, शिस्त आणि पॉलिश केलेले बूट. शाळा कॅथलिक की प्रोटेस्टंट याची चौकशी आपल्या आई-बाबांनी बहुधा केली नव्हती. इथे सरकारी शाळाही इंग्रजीच, त्यामुळे तो निकष बाद.

इथे ढोबळमानाने दोन गट समजून घ्या. पहिला कॅथलिक शाळांचा. ट्रुगानिनातली सेंट क्लेअर्स प्राथमिक शाळा, टार्नीटचं थॉमस कार कॉलेज ही आपल्या जवळची उदाहरणं. मेलबर्नच्या बहुतेक कॅथलिक शाळा २०२१ पासून 'मेलबर्न आर्चडायोसिस कॅथलिक स्कूल्स' या एका मोठ्या संस्थेखाली आल्या. दुसरा गट स्वतंत्र ख्रिस्ती शाळांचा, उदाहरणार्थ वेरिबी आणि मेल्टन इथे कॅम्पस असलेलं हीथडेल ख्रिश्चन कॉलेज.

या दुसऱ्या गटाचा इतिहास स्थलांतरितांना जवळचा वाटावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समधून आलेल्या कुटुंबांनी आपसात पैसे जमवून, पालकांच्या मंडळातर्फे शाळा काढल्या. टास्मानियात किंग्स्टन इथली कॅल्विन ख्रिश्चन स्कूल १९६२ साली अशीच सुरू झाली. त्या चळवळीतूनच पुढे 'ख्रिश्चन एज्युकेशन नॅशनल' ही संघटना उभी राहिली आणि शिक्षकांचं प्रशिक्षण हे तिचं एक मोठं काम झालं. कारण सरळ आहे. इमारत पालक बांधू शकतात, पण शिक्षक येतो विद्यापीठातून, आणि तिथे 'ख्रिस्ती दृष्टीतून गणित कसं शिकवायचं' हा विषय नसतो.

सगळ्यांना सारखं : व्हीआयटी

शाळा सरकारी असो, कॅथलिक असो वा इस्लामिक, शिक्षकाला व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ टीचिंग म्हणजे व्हीआयटीची नोंदणी लागते. (बिबवेवाडीचं व्हीआयटी नव्हे! आमच्यातल्या दोघांचा पहिल्यांदा ऐकून तोच समज झाला होता.) नोंदणी टिकवायला दरवर्षी किमान २० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण आणि किमान २० दिवसांचं प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. हे २० तास कुठल्याही भाषणाला हजेरी लावून भरत नाहीत. देशपातळीवर २०११ मध्ये ठरलेल्या शिक्षक मानकांशी ते जोडता यावे लागतात. ही मानकं ७ आहेत आणि त्यांचे ३७ उपभाग आहेत.

त्यातला १.३ हा उपभाग आपण पालकांनी लक्षात ठेवावा. वेगवेगळ्या भाषिक, सांस्कृतिक, धार्मिक आणि आर्थिक पार्श्वभूमीच्या मुलांना त्यांच्या गरजा आणि बलस्थानं ओळखून शिकवता आलं पाहिजे, असं तो सांगतो. तो ख्रिस्ती शाळेतल्या शिक्षकालाही लागू आहे. म्हणजे तुमच्या मुलीच्या डब्यातल्या उपवासाच्या खिचडीबद्दल किंवा घरातल्या गणपतीबद्दल शिक्षकाने समजून घ्यावं, ही अपेक्षा अवास्तव नाही. ती त्याच्या व्यवसायाच्या मानकातच बसते.

अभ्यासक्रमाचंही तसंच. कॅथलिक शाळा सरकारी शाळांसारखाच व्हिक्टोरियन अभ्यासक्रम वापरतात. स्वतंत्र शाळांना थोडी मोकळीक आहे, पण आठ शिक्षणक्षेत्रं शिकवणं त्यांनाही चुकत नाही. "ख्रिस्ती शाळेत उत्क्रांती शिकवतच नाहीत म्हणे," असं पार्टीत कोणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा : नैसर्गिक निवडीतून होणारी उत्क्रांती नववी-दहावीच्या विज्ञानात आहे. शाळा तिच्या जोडीला श्रद्धेची चर्चा करेल, पण तो धडा गाळता येत नाही.

दुसरा थर : श्रद्धा आणि वर्ग

खरा फरक पडतो तो इथे. पपिल-फ्री डे आला की आपण कपाळाला हात लावतो, कारण रजा टाकावी लागते! त्या दिवशी शिक्षक बऱ्याचदा प्रशिक्षणाला बसलेले असतात. ख्रिस्ती शाळांत त्यातला काही वेळ, अभ्यासक्रम श्रद्धेच्या चौकटीत कसा बसवायचा यावर जातो.

एक नमुना घेऊ. पाचवी-सहावीला 'पाणी' हा घटक शिकवायचा आहे. आजकाल बहुतेक ठिकाणी नियोजन उलट्या टोकापासून होतं. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांच्या १९९८ सालच्या पुस्तकाने ही पद्धत लोकप्रिय केली. घटक संपल्यावर मुलाला काय समजलेलं असावं ते आधी ठरवायचं, मग ते समजलं हे कशावरून ओळखायचं ते ठरवायचं आणि तास शेवटी आखायचे. आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल : आधी रिक्वायरमेंट, मग टेस्ट केस, मग कोड. ख्रिस्ती शाळेतले शिक्षक पहिल्याच पायरीवर आणखी एक प्रश्न विचारतात. पाणी ही माणसाकडे सांभाळायला दिलेली देणगी मानली, तर या घटकात काय बदलेल? मग बाष्पीभवनाच्या जोडीला दुष्काळ येतो, पाण्याचं वाटप येतं, शेजाऱ्याचा हक्क येतो. विज्ञान तेवढंच राहतं, त्याच्याभोवतीचे प्रश्न वाढतात.

हे सगळीकडे इतकं छान जमतं असं नाही. बायबलमधलं एक वचन धड्याच्या डोक्यावर चिकटवलं की झाला ख्रिस्ती अभ्यासक्रम, हा सोपा मार्ग आहे आणि त्यावर या क्षेत्रातल्याच लोकांनी सडकून टीका केली आहे. अमेरिकेतल्या कॅल्विन विद्यापीठाचे डेव्हिड स्मिथ यांचं 'ऑन ख्रिश्चन टीचिंग' हे २०१८ सालचं पुस्तक यावरच आहे. श्रद्धा दिसायची तर ती शिकवण्याच्या रीतीत दिसावी, असं त्यांचं म्हणणं : बाकांची मांडणी, प्रश्न विचारण्याची पद्धत, गृहपाठ, अबोल मुलाला मिळणारा वेळ. बार्बरा कारव्हिल यांच्यासह त्यांनी २००० साली 'द गिफ्ट ऑफ द स्ट्रेंजर' हे पुस्तक लिहिलं, ते आम्हाला जास्त भावलं. परकी भाषा कशासाठी शिकवायची? प्रवासात हॉटेलचं बिल मागता यावं म्हणून नव्हे, तर परक्याचं स्वागत करता यावं आणि आपण परके असताना नीट वागता यावं म्हणून. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात शिकवणाऱ्यांनीही हे जरूर वाचावं. धर्म कुठलाही असो.

बी.एड. झालेल्यांसाठी

आता स्वयंपाकघरातला प्रश्न. व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये समान संधी कायद्यात दुरुस्ती केली आणि ती १४ जून २०२२ पासून लागू झाली. पूर्वी धार्मिक शाळांना नोकरी देताना धर्म पाहण्याची मोकळीक बरीच होती. आता विशिष्ट श्रद्धा ही त्या कामाची अंगभूत गरज असेल, उमेदवार ती पूर्ण करू शकत नसेल आणि नकार देणं वाजवी व प्रमाणात असेल, तरच शाळेला धर्मावरून नकार देता येतो. धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकाबाबत हे सहज पटवता येईल. बीजगणित शिकवणारीबाबत ते कठीण आहे.

पण कायदा एक आणि मन दुसरं. प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहणं, शाळेच्या मूल्यांचा मान ठेवणं, ही अपेक्षा असणारच. कॅथलिक शाळेत नोकरी लागली तर कॅथलिक शाळेत शिकवण्याची वेगळी मान्यताही मिळवावी लागते, आणि धर्मशिक्षण घ्यायचं तर आणखी एक. त्यासाठी प्रशिक्षणाचे तास असतात. हे आवडणार नसेल तर सरकारी शाळा आहेतच.

कागदपत्रांत आपले लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. इथे उच्च शिक्षणाची किमान चार वर्षं (पदवी आणि बी.एड. मिळून) आणि देखरेखीखाली केलेल्या अध्यापन सरावाचे ४५ दिवस लागतात. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनंतर भारतात बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्याआधी एक वर्षाचं बी.एड. केलेल्यांच्या गुणपत्रिकेवर सराव पाठांचे गुण असतात, दिवस नसतात. म्हणून सरावाचे दिवस आणि शाळांची नावं लिहिलेलं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर आणून ठेवा. भारतात सुट्टीवर जाल तेव्हाच हे काम उरकावं, ईमेलवर महिने जातात. इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही चांगलेच वरचे लागतात, तेव्हा तयारीला वेळ द्या.

आणि परधर्मीयांच्या शाळेत शिक्षक होणं आपल्याला नवीन नाही. अहिल्यानगरला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत. त्यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. स्वतः जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती झालं नाही, आणि १८४८ पासून पुण्यात त्यांनी काय केलं ते आपण जाणतोच.

ओपन डेला जाल तेव्हा

स्विमिंग पूल आणि लॅपटॉप सगळेच दाखवतात. तुम्ही शिक्षकांबद्दल विचारा. गेल्या वर्षी शाळेने कोणत्या विषयावर प्रशिक्षण घेतलं आणि त्यामुळे वर्गात काय बदललं? नव्या शिक्षकाला मेंटॉर असतो का, आणि मेंटॉरला त्यासाठी तासिका मोकळी मिळते का? एखाद्या घटकाचं नियोजन दाखवाल का? ख्रिस्ती नसलेलं मूल धर्मशिक्षणाच्या तासाला काय करतं? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका, त्यांना तो सवयीचा आहे. उत्तर देताना समोरच्या शिक्षिकेने तुमच्या मुलाकडे बघितलं की माहितीपत्रकाकडे, तेही पाहून ठेवा.