दोन दैत्य आणि एक न लिहिलेली मालिका

जानेफळहून मेहकरमार्गे लोणारला निघालं की वाटेत दोन दैत्य लागतात. मेहकरचं नावच मुळी मेघंकर दैत्यावरून पडलं म्हणतात. त्याला विष्णूने शारंगधर होऊन मारलं. पुढे लोणारला लवणासुर. तो जमिनीखाली, वर झाकण ओढून राहत असे. विष्णू दैत्यसूदन झाला, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं, आणि उरला तो खड्डा. भूशास्त्राची गोष्टही काही कमी नाट्यमय नाही. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खड्डा बराच काळ ज्वालामुखीच्या नावावर जमा होता. अवकाशातून आलेल्या दगडाच्या आघाताने खडकांवर उमटलेल्या खुणा 1973 साली 'सायन्स'मध्ये मांडल्या गेल्या, तेव्हा तो तर्क मागे पडला.

आकाशातून आलेलं संकट आणि दैवी शक्तीचा संग्राम, दोन्ही एकाच खड्ड्यात. अंतराळातली युद्धं आणि जादू यांची मोट बांधणाऱ्या मालिकांना आणखी काय लागतं?

अशा मालिकांची एक थोरली आजी म्हणजे 'फ्लॅश गॉर्डन'. अॅलेक्स रेमंडची ही चित्रकथा 7 जानेवारी 1934 रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू झाली. मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळायला निघालेला असतो. फ्लॅश, डेल आर्डेन आणि डॉक्टर झारकोव्ह अग्निबाणात बसून थेट त्याच्यावरच जातात. तिथे किरण सोडणाऱ्या बंदुका आहेत, तशा तलवारीही आहेत. क्रूर सम्राट मिंग आहे आणि जादूची राणी अझुरासुद्धा आहे. यान कसं चालतं, हे विचारायला कुणाला सवडच नसते. जॉर्ज लुकासला याच कथेवर चित्रपट काढायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने स्वतःचं विश्व रचलं आणि 1977 मध्ये 'स्टार वॉर्स' आला. त्यातली 'फोर्स' ही सरळसरळ मंत्रशक्तीच. (1999च्या भागात त्याने तिला रक्तातल्या सूक्ष्म जीवांचं कारण जोडलं, तर चाहतेच चिडले!)

आपल्याकडे 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं. वेताळ, मॅन्ड्रेक यांच्या जोडीला त्यात फ्लॅश गॉर्डनही आला. इंद्रजाल मराठीतही निघत असे. म्हणजे वाचक तयार होता, पुराणांचं भांडवल घरचंच होतं. तरी अशी लांबलचक मालिका मराठीत रुजली नाही. का?

माझ्या मते याचं उत्तर आपल्या विज्ञानकथेच्या जन्मवेळेत आहे. 1966 साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचा हेतू विज्ञानप्रसाराचा. तिच्या 1974च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवली. अक्षर ओळखू नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि कथेतलं विज्ञान पक्कं हवं हा दंडक बसला. फलज्योतिषाविरुद्ध जाहीरपणे उभ्या राहणाऱ्या माणसाने कथेत मात्र मंत्र चालवावेत, ही अपेक्षाच चुकीची होती. जिथे खड्डा दिसला की दैत्य आठवतो, तिथे हा आग्रह गरजेचाही होता.

पण त्याची किंमत पडली. अद्भुताला विज्ञानाच्या घरात जागा उरली नाही. नारायण धारपांचा 'समर्थ' अमानवी शक्तींशी झुंजत राहिला, वाचनालयांतून त्याची पुस्तकं फाटेपर्यंत फिरली, पण ती भयकथांच्या फळीवरून. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, त्यांची चर्चा त्या मानाने कमीच. दोन फळ्यांमधल्या जागेत जे उगवू शकलं असतं, ते उगवलं नाही. भोळसटपणा परवडणारा नव्हता हे मान्य करूनही मला त्याची हळहळ वाटते.

नारळीकरांच्याच एका कादंबरीचं नाव 'वामन परत न आला'. तीन पावलांत त्रैलोक्य मोजणारा तो बटू इथे यंत्रमानव होऊन येतो. येताना बरोबर नाव आणलंय, पावलं मात्र पुराणात ठेवून आलाय.