दिनविशेष, ९ डिसेंबर : होमाई व्यारावाला

भारतातील पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीत एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्या शिकल्या. सुरुवातीची त्यांची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती खात्याच्या कामासाठी त्या दिल्लीला गेल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल व आझाद यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात डांबण्यात आले. पुढे हेच कैदी सत्तेवर आले आणि होमाईंच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. जून १९४७ मध्ये फाळणीच्या ठरावासाठी उंचावलेले हात त्यांनी टिपले. छायाचित्रणास मनाई असल्याच्या फलकाखाली उभे असलेले नेहरूही टिपले. हे दुसरे चित्र खट्याळ आहे. सत्तेचा बडेजाव त्यात आपसूक गळून पडतो. साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत पुरुषांच्या गर्दीत जागा मिळवणे सोपे नव्हते. छायाचित्रकारांचे बदललेले वर्तन न रुचल्याने १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.